मूल कुठे ठेवायचे?

दिवाळीची सुट्टी लागली. शाळेच्या फाटकाला कुलूप पडले, मुलांनी दप्तरे खुंटीला टांगली आणि आम्ही मास्तर मंडळी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एकदाचा तपासून मोकळे झालो. घरोघर चकलीचा सोऱ्या निघाला, पोरांनी किल्ल्यासाठी माती आणली. अशा मंगल प्रसंगी कुणाच्या तोंडातली करंजी कडू करावी, असा माझा मुळीच हेतू नाही. पण दिवाळी अंक हा फराळाबरोबर वाचावयाचा असतो आणि फराळाच्या ताटात चिवड्यालाही जागा असते. तेव्हा थोडे तिखट लागले तर वाचकांनी रागावू नये. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. ही सुट्टी मिळाली कुणाला?

मुलाला मिळाली, मला मिळाली. पण कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहणारी एक आई डोळ्यांसमोर आणा. तिला हेच पंधरा दिवस वर्षातले सर्वांत कामाचे. शाळेला सुट्टी म्हणून तिचे आठ वर्षांचे मूल घरी, आणि दुकानाला सुट्टी नाही म्हणून ती दुकानात. नवरा रिक्षा चालवतो. त्याचाही हंगाम हाच. मग सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत ते मूल कुणाजवळ असते?

हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. कारण सगळे आपोआप निभावते अशी आपली समजूत असते. मराठी भाषेत 'आपोआप' या शब्दाइतका लबाड शब्द दुसरा नसेल. घरात जे जे म्हणून आपोआप होते, ते ते कुणी तरी बाई करीत असते. आजी करते, शेजारीण करते. या दोघी नसतील तर घरातली थोरली मुलगी करते. ती दहा वर्षांची असली तरी करते.

म्हणून माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. शाळा बंद करण्याचा हुकूम हा नुसता शाळेला दिलेला हुकूम नव्हे. तो घरातल्या बाईला, आणि बाई कामावर गेली असेल तर तिच्या थोरल्या लेकीला, दिलेला बिनपगारी चाकरीचा हुकूम असतो. तो ज्याला काढावयाचा असेल त्याने खुशाल काढावा. पण मूल कोण सांभाळणार, हेही त्याने त्याच कागदावर लिहावे.

मास्तरी हिशेब

प्रथम थोडे गणित करू. मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालचा. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणे सांगितले आहे. भागाकार पहिलीतल्या मुलालाही येईल. दिवसाला चार तास! उरलेले १६५ दिवस मूल घरी.

आता आईबापांच्या बाजूने पाहा. दुकाने आणि आस्थापनांचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ सालचा. त्याप्रमाणे नोकराला आठवड्याची एक सुट्टी, म्हणजे वर्षाला ५२, आणि सणावाराच्या भरपगारी सुट्ट्या आठ. एकूण साठ. १६५ मधून साठ गेले, राहिले १०५. हक्काची रजा यांतून वजा केली तरी अडीच महिने शिल्लक राहतातच. हे अडीच महिने शाळा मूल घेत नाही आणि मालक आईला सोडत नाही. शाळा असते त्या दिवशीचीही गोष्ट फारशी निराळी नाही. मूल चार-पाच तास शाळेत, आई नऊ तास कामावर आणि वर दोन तास गाडीत. शाळेची घंटा आणि कचेरीचे घड्याळ यांची आपल्या देशात कधी गाठच पडलेली नाही.

शिवाय या झाल्या आधी ठाऊक असलेल्या सुट्ट्या. अचानक येणाऱ्या सुट्टीची तऱ्हा आणखीच वेगळी. ८ जुलै २०२४ ची सकाळ आठवा. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि महापालिकेने सकाळच्या सत्राच्या शाळांना सुट्टी जाहीर केली. योग्यच केले. कुठल्या शहाण्या माणसाने गुडघाभर पाण्यातून पोराला शाळेत पाठवावे? पण ज्या आईला त्या दिवशी कामावर हजर होणे भाग होते, तिने तासाभरात काय करावे, हे सांगण्याची जबाबदारी त्या सुट्टीबरोबर कुणावरच आली नाही. पाऊस मुलाला लागतो, आईला लागत नाही, असे समजावयाचे काय?

एकवीस महिने

ही तर झाली एका दिवसाची कथा. आपण सर्वांनी मिळून एकवीस महिन्यांची कथा पाहिली आहे आणि इतक्या लवकर ती विसरूनही गेलो आहोत.

मार्च २०२० च्या मध्यावर करोनामुळे मुंबईतल्या शाळा बंद झाल्या. पहिलीतल्या पोराला पुन्हा वर्गात बसण्यासाठी १५ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली. दरम्यान काय काय उघडले याची यादी वाचण्यासारखी आहे. दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडली. उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या गिऱ्हाइकांच्या अटीवर ५ ऑक्टोबर २०२० ला उघडली. नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पाठोपाठ देवळेही उघडली. पुढे दुसरी लाट आली आणि यांतले पुष्कळसे पुन्हा बंद झाले, हे मी विसरलेलो नाही. तरीपण क्रम पाहा. बापाला बसून पेला रिचवण्याची सोय आधी झाली. त्याच्या मुलाला बाकावर बसण्याची सोय चौदा महिन्यांनी झाली.

कुणी म्हणेल, मास्तर, रोग खरा होता. माणसे मरत होती. होती ना! शाळा बंद ठेवणे चूक होते असे मी म्हणतच नाही. त्या वेळी माझी बायको परळच्या एका इस्पितळात परिचारिका होती, आजही आहे. मरणे तिने माझ्यापेक्षा पुष्कळ जवळून पाहिली आहेत. माझी तक्रार बंद करण्याबद्दल नाही. बंद करून पाठ फिरवण्याबद्दल आहे. इंग्लंडातही २० मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. पण रुग्णालयात, अन्नपुरवठ्यात आणि अशाच अत्यावश्यक कामात असलेल्या माणसांच्या मुलांसाठी त्या चालू ठेवण्यात आल्या. परिचारिकेला कामावर बोलवावयाचे असेल तर तिच्या मुलाला कुठे तरी ठेवले पाहिजे, इतकी साधी गोष्ट तेथल्या हुकूम काढणाऱ्यांना सुचली. आपण काय केले? परिचारिकेसाठी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. टाळीला हात दोन लागतात. त्यांतल्या एकानेही तिचे पोर उचलले नाही.

आणखी एक गंमत सांगतो. २१ ऑक्टोबर २०२० पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्व स्त्रियांना गर्दीच्या वेळा सोडून प्रवास करण्याची मुभा मिळाली. बायका मुलांना बरोबर घेऊन निघू लागल्या. निघणारच! घरी ठेवणार कुणापाशी? तेव्हा नोव्हेंबर संपता संपता रेल्वेने बजावले की, मुलांना बरोबर नेता येणार नाही. म्हणजे शाळेने मूल घेऊ नये, गाडीने मूल घेऊ नये, कचेरीने तर घेऊच नये. तिघांनीही आपापल्या जागी बरोबरच नियम केला. गर्दीत लहान मूल नको, हे कोण नाकारील? पण तीन शहाणे नियम एकत्र आले आणि त्यांच्या मध्ये एक बाई पोराचा हात धरून फलाटाच्या दाराशी उभी राहिली.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात एक मोहीम सुरू झाली होती: 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. घोषणा चांगली होती, कामही चांगले झाले. पण मी पडलो मराठीचा मास्तर. जबाबदारी हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे आणि व्यवहारातही तो स्त्रीलिंगीच ठरला. 'कुटुंब' या शब्दाचा तर जुन्या मराठीत अर्थच मुळी बायको असा होतो. त्या घोषणेचा चाळीचाळीतून लागलेला खरा अर्थ 'माझे कुटुंब घेईल माझी जबाबदारी' असा होता! घरोघर तापमान मोजीत हिंडणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना मात्र 'ताई, तुमचे मूल कुठे आहे?' असे विचारायला कुणी गेले नाही.

केंद्र सरकारची २०१९ सालची एक पाहणी आहे. लोक दिवसाचे तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे, असे तीत निघाले. आणि ही मोजणी शाळा नीट चालू होत्या तेव्हाची! शाळा बंद झाल्यावर जी भर पडली ती कुणाच्या खात्यात पडली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या खोलीचे दार

येथवर मी सरकारला बोललो, रेल्वेला बोललो, गणितही करून दाखवले. दुसऱ्यांना बोलणे सोपे असते. आता स्वतःचे सांगतो. कारण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

भांडुपच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ. दोन खोल्या. बायको पहाटे साडेपाचला इस्पितळाच्या गाडीने जाई, कधी रात्रपाळी करी, कधी दोन-दोन दिवस तिकडेच राही. मुलगा पहिलीत, म्हणजे फोनमधल्या पहिलीत. मी सातवीचा वर्गशिक्षक. सकाळी दहा ते साडेअकरा फोनवरून वर्ग घ्यावयाचा, दुपारी वह्यांचे फोटो तपासावयाचे. बाकीचा वेळ माझा. आणि मी कादंबऱ्या लिहितो. वर्षानुवर्षे मनात घोळत असलेले एक कथानक त्या काळात मी पुरे केले. आतल्या खोलीचे दार लावून रोज पाच-सहा पाने. पुढे पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत 'या सक्तीच्या एकांताचे माझ्यावर ऋण आहे' असे एक वाक्य मी मोठ्या ऐटीत लिहिले आहे. एकांत! दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, सहा वर्षांचे पोर असताना, बायको कामावर असताना, एकांत!

तो एकांत मला देत होती शेजारची मुलगी. सारी चाळ तिला ताई म्हणे, म्हणून मीही येथे ताईच म्हणतो. वय तेरा. बाप एका टॉवरवर वॉचमन. आई चार घरची धुणीभांडी करी. टाळेबंदीत सोसायट्यांनी तिला तीन महिने फाटकातून आत घेतले नाही, आणि घेतले तेव्हा बुडालेल्या पगाराची भरपाई म्हणून तिने आणखी दोन घरे धरली. मागे घरी दोन धाकटे भाऊ. त्यांना ताई सांभाळी, आणि दोन आहेत तिथे तिसरा, या न्यायाने माझ्या मुलालाही सांभाळी. ती त्याला भरवी, त्याची पाटी घेई, भिंतीला टेकवून त्याच्याकडून पाढे म्हणवून घेई. मी तिला वर्षाकाठी दिवाळीला एक फ्रॉक घेतला होता. मोठे उपकार केल्यासारखे वाटले होते मला तेव्हा!

आता पुढचे ऐका. ही ताई माझ्याच वर्गातली. सातवीची. त्यांच्या घरात धड चालणारा फोन एक, आणि तो बापाबरोबर ड्यूटीवर जाई. रोज दहा वाजता मी हजेरी घेई. ताईचे नाव येई. उत्तर येत नसे. मी तिच्या नावापुढे गैरहजर अशी खूण करी. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत असे: 'बे एके बे...' आणि तिच्या मागोमाग माझ्या मुलाचा. तिला मी ज्या कामासाठी गैरहजर मांडीत होतो, ते काम माझे होते.

हे माझ्या ध्यानात आले असेल असे वाटते का तुम्हाला? आले नव्हते. ध्यानात आणून दिले बायकोने. एका रात्री ड्यूटीवरून आली, मोरीत अंघोळ केली, पोर झोपले होते त्याच्याकडे लांबूनच पाहिले आणि विचारले,

"आज याला कुणी भरवलं?"

"ताईनं."

"आणि तिचा वर्ग?"

"तिच्याकडे फोन नसतो ना."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, फोन नसेल. पण तुमच्या खोलीला दार आहे ना? ते उघडलं असतंत तर ती इथेच बसली असती. तुमच्यासमोर."

दुसऱ्या दिवसापासून मी दार उघडे ठेवले. ताई, तिचे दोन्ही भाऊ आणि माझा मुलगा आतल्या खोलीत बसू लागली. खोलीत कलकलाट होई, शाई सांडे, वर्ग चालू असताना मागे कुणी तरी रडे. आठ दिवस मी ते सहन केले. नवव्या दिवशी 'आज एक प्रकरण तेवढं संपवतो' असे म्हणून दार लावले. ते पुन्हा उघडले नाही. कादंबरी मात्र वेळेवर पुरी झाली.

४ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत आठवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. ताई तेव्हा आठवीत गेलेली. आखूड झालेला गणवेश घालून ती आली. चार-पाच दिवस आली, मग बंद. मी जिन्यात तिला हटकले.

"का गं, शाळा सुरू झाली ना?"

"माझी झाली, सर. धाकट्यांची कुठं झालीय?"

वाचकहो, एवढ्या मोठ्या राज्याच्या शिक्षणव्यवस्थेवर याहून नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही. वरचे वर्ग आधी उघडावयाचे आणि खालचे मागाहून, हा क्रम ठरवणाऱ्यांनी रोगाचा विचार केला असेल, परीक्षांचा केला असेल, लसींचा केला असेल. धाकट्याला सांभाळावयाला घरी थोरलीच असते, हा विचार मात्र कुणी केला नाही. धाकट्यांचे वर्ग उघडले १५ डिसेंबरला. जानेवारी २०२२ च्या आरंभी ते पुन्हा बंद झाले, २४ तारखेला पुन्हा सुरू झाले. तोवर ताईच्या आईने तिच्या भरवशावर आणखी एक घर धरले होते. नववीच्या मध्यावर ताईचे नाव पटावरून गेले.

"शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे!"

हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी ऐकले आहे आणि स्वतःही उच्चारले आहे. त्या उच्चारात एक प्रकारचा सोवळेपणा असतो. आम्ही विद्यादान करणारे. आम्ही काय पोरांची नाके पुसत बसावयाचे? या सोवळ्याला माझे उत्तर माझे नाही. ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे.

१९४५ साली या दोघींनी बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासींची मुले शाळेत येत ना. का येत नाहीत? एक तर ती गुरे राखीत, नाही तर धाकटे भावंड कडेवर घेऊन बसत. दुसऱ्या कुणी 'यांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून हजेरीपट मिटला असता. या बायांनी उलटे केले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणल्या आणि त्याला विकासवाडी असे नाव दिले. थोरलीने धाकट्याला घेऊन यावे, त्याला पाळणाघरात द्यावे आणि आपण वर्गात बसावे. गुराख्यांसाठी त्यांनी कुरणातच शाळा नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, त्यांचे फोटो आपण लावले, त्यांच्यावर निबंध लिहून घेतले. त्यांनी सांगितलेली गोष्ट तेवढी घेतली नाही. दिल्लीला १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर बायांची मुले मातीत लोळताना पाहिली आणि कामाच्या जागीच पाळणाघर उघडले. त्यातून पुढे मोठी संस्था उभी राहिली. म्हणजे हे कसे करावयाचे ते आपल्याला ठाऊक नव्हते, असे नाही.

कायद्यांचेही तेच. १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद होती; पण कारखान्यात बाया किती, हे मोजून ते ठरावयाचे. जणू मूल फक्त बाईला होते! बाया कमी ठेवल्या की पाळणाघर टळले. २०१७ साली प्रसूती-लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तर पाळणाघर हवे, असे म्हटले गेले. येथे बाई-पुरुष असा भेद गेला, म्हणून मी आनंदाने पुढचे कलम वाचले. मुलाला भेटण्यासाठी दिवसातून चार वेळा सोडावे, असे त्यात होते. कुणाला? बाईला. बापाने पाळणाघरात डोकावण्याची कायद्यालाही कल्पना करवली नाही.

राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली. उत्तम केले. ती पुरुषालाही मिळू शकते, केव्हा? तर त्याची बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. बापाला पोर सांभाळण्याचा हक्क मिळावा, म्हणून आईने प्रथम मरावयाचे, ही अट वाचून मला हसू आले आणि मग हसू आल्याची लाज वाटली. कारण माझी बायको जिवंत होती, धडधाकट होती, दुसऱ्यांचे प्राण वाचवीत होती, आणि मी दार लावून बसलो होतो. कायदा लिहिणाऱ्यांनी कुणाला डोळ्यांसमोर ठेवले होते ते मला चांगले ठाऊक आहे. मलाच!

आणखी एक आक्षेप नेहमीचा. 'पूर्वीच्या बायका नाही का सांभाळीत?' सांभाळीत. वाड्यात बारा माणसे होती, अंगणाला भिंत होती, आजी पन्नाशीची होती आणि घरी होती. आजची आजी गावाला आहे, किंवा स्वतःच कुणाकडे स्वयंपाकाला जाते. 'मग नोकरी सोडावी आईने' असे म्हणणारे महाभाग आहेतच. त्यांनी एकदा भाड्याची पावती, गॅसचे पुस्तक आणि क्लासच्या फीचे कार्ड एका ओळीत मांडून पाहावे. बाईची नोकरी ही हौस आहे, असे समजणारा माणूस बहुधा दुसऱ्या कुणाच्या पगारावर जगत असतो.

हुकुमात एक कलम

मी फार मागत नाही. शाळा बंद करण्याचा हुकूम निघेल त्यात एक कलम वाढवा. ज्यांचे आईबाप त्या दिवशी कामावर बोलावले गेले आहेत, त्यांच्या मुलांसाठी प्रत्येक शाळेत निदान दोन खोल्या उघड्या राहतील आणि तेथे अमुक माणसे असतील. आम्ही शिक्षकांनी पाळीने बसावे, पण त्याचा मोबदला सरकारने द्यावा. आमच्यातही निम्म्या बायाच आहेत आणि त्यांचीही पोरे आहेत. पुराने किंवा रोगाने शाळेच्या इमारतीतच जमणे धोक्याचे असेल, तर त्या दिवशी आई किंवा बाप, दोघांपैकी एकाला, पगार न कापता घरी राहू द्यावे, असे मालकांना त्याच कागदाने सांगावे. बंद झालेली शाळा उघडताना धाकट्यांचा विचार थोरल्यांच्या आधी करावा. अंगणवाडी १९७५ पासून आहे. तिचे तास आईच्या कामाच्या तासांना जुळवावे आणि सेविकेला त्या तासांचा पुरता पगार द्यावा. याला पैसा लागेल. लागणारच! आजवर लागला नाही, कारण तो तेरा वर्षांच्या मुलींनी भरला.

आणि बापांनो, तुम्हाला एक वेगळे कलम. त्याला सरकारी सही लागत नाही. आपापल्या खोलीचे दार उघडा.

ताई आता आईबरोबर कामाला जाते. एका टॉवरमध्ये नवराबायको दोघेही नोकरीवर जातात. त्यांचे दोन वर्षांचे मूल ती दिवसभर सांभाळते. हुशार आहे, प्रेमळ आहे, त्यांची तिच्याविषयी काही तक्रार नाही. दर भाऊबीजेला ती माझ्या मुलाला ओवाळते. गेल्या भाऊबीजेला ओवाळणी घालू लागलो तर म्हणाली, "सर, पैसे नकोत. सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय, दहावी बाहेरून द्यायचीय. माझा दाखला काढून द्याल?"

दाखला काढून आणला. शाळा सोडल्याच्या दाखल्यात एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. आमच्या कारकुनाने सर्वांचे लिहितो तेच तिचेही लिहिले होते: 'पालकांच्या विनंतीवरून'. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ जिन्यात उभा राहिलो. कुठल्या पालकाने अशी विनंती केली होती? तिच्या आईने केली नव्हती. बापाने केली नव्हती. खरे कारण त्या रकान्यात लिहावयाचे तर 'वर्गशिक्षकाचे मूल सांभाळावयाचे होते' असे लिहावे लागले असते आणि खाली सही मला करावी लागली असती.

ती सही मी येथे करतो. रात्री आठनंतर ताई अभ्यासाला आमच्याकडे येते. बीजगणित तिला अवघड जाते. मराठीत ती माझ्या चुका काढते. येत्या मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. त्या काळात पुन्हा काही कारणाने शाळा बंद होऊ नयेत, अशी प्रार्थना करणे माझ्या हाती आहे. बंद झाल्याच, तर त्या हुकुमावर सही करणाऱ्याला 'मूल कुठे ठेवायचे?' असे विचारणे तुमच्याही हाती आहे. तेवढे विचाराल ना?